चौदाव्या दिवशी आलेली नाडी

शेजारच्या वहिनींना अजूनही वाटतं की मी घरी बसून शेअर बाजार करत होते. त्यांचा दोष नाही. खिडकीतून त्यांना माझ्या पडद्यावर वरखाली जाणाऱ्या रेघा दिसायच्या आणि मी कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत असायची. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "ताई, आज वर जाऊन राहिलं का खाली?" मी म्हटलं, "वर." त्या खूश होऊन गेल्या. त्या रेघा माणसांच्या नाडीच्या होत्या, आणि त्या दिवशी वर जाणारी नाडी कोणाची होती हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं ही माझ्या कामाची अटच होती.

आधी सत्तावीस वर्षं मी अकोल्याला एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ईसीजी काढत असे. छातीला वाट्या लावायच्या, "हलू नका, बोलू नका" म्हणायचं आणि कागदाची पट्टी फाडून डॉक्टरांपुढे ठेवायची. इतकी वर्षं एकच काम केलं की माणसांचे चेहरे विसरतात आणि रेघा लक्षात राहतात. बाजारात कोणी नमस्कार केला तर मी गोंधळायची. पण दवाखान्यात पट्टी बाहेर आली की नाव न बघता सांगायची, हे गेल्या दिवाळीत येऊन गेलेत. प्रत्येकाची रेघ म्हणजे त्याचं अक्षर असतं.

निवृत्त झाल्यावर अमरावतीला माझ्या घरी आले. एकटीच आहे. दीड वर्षातच कंटाळले. तेवढ्यात ओळखीतून हे काम आलं. हल्ली लोक मनगटावर पट्टा बांधतात. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. तो कातडीवर उजेड टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून यंत्र नाडी मोजतं. पावलं मोजतं, झोप मोजतं. काही पट्ट्यांच्या कडेला दुसऱ्या हाताचं बोट धरलं की अर्ध्या मिनिटाची ईसीजीची रेघही निघते. इथपर्यंत ते यंत्र मुकं होतं. मग कंपनीने त्यात बोलणारा शिक्षक घातला. तो कृत्रिम बुद्धीचा. नाव 'सोबती'. तो तुमची नाडी बघून तुमच्याशी मराठीत लिहून बोलतो: आज जरा जास्त चाला, काल झोप कमी झाली, मन कशात अडकलं आहे का? लोक उत्तरं देतात. बायको, नवरा, डॉक्टर कोणालाही सांगत नाहीत ते त्याला सांगतात.

सोबती काय बोलला ते तपासायला माणसं हवी होती. आम्ही ती माणसं. माझ्यापुढे रोज काही पानं यायची. कधी नुसतं संभाषण, कधी बरोबर नाडीचा आलेख. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. नावं पुसायला एक वेगळं यंत्र होतं. ते नावाच्या जागी तीन चांदण्या ठेवायचं. मी वाचायचं आणि सोबतीच्या बोलण्याला खूण करायची: बरोबर, चूक, किंवा धोकादायक. आमच्यावरचा साहेब निनाद नावाचा पुण्याचा तरुण होता. स्वभावाने सालस. पहिल्याच दिवशी तो फोनवर म्हणाला, "मंदा मॅडम, एकच नियम पक्का. कोणालाही ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. चुकून ओळखलंत, तर विसरायचं." तसं लिहून त्याने माझी सहीही घेतली.

सुरुवातीला मजा वाटायची. एक आकडा रोज तीस-तीस हजार पावलं चालायचा. सोबती त्याच्यावर लट्टू होता. "तुमच्यासारखा चालणारा माणूस विरळा. आता पायांना विश्रांती द्या." एक दिवस त्या माणसाने लिहिलं, "भाऊ, मी दिवसभर बसूनच हाय. परतवाड्याहून मेळघाटात जीप चालवतो. रस्ता खराब हाय." गाडीच्या धक्क्यांना यंत्र पावलं समजत होतं. सोबतीने उत्तर दिलं, "तुमची नम्रता आवडली." मी हसत हसत 'चूक' अशी खूण केली.

पण हसणं हळूहळू कमी झालं. एकदा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार आकडे माझ्यापुढे लागोपाठ आले. चौघांचीही नाडी संध्याकाळी एकाच मिनिटाला खाली उतरू लागली होती, एका सुरात, आणि तितक्याच वेळाने चौघांची एकदम वर आली. मग उमगलं, हे मोझरीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला बसले आहेत. गाव पुसलेलं होतं, पण चार माणसांच्या हृदयांनी मला ते कुठे आहेत हे सांगून टाकलं होतं. त्या दिवशी मी पडदा बंद केला आणि स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. कंपनीने दिलेला पट्टा मीही घालत होते. तो काढून कपाटात ठेवला.

चव्वेचाळीस-सतरा हा आकडा माझ्यापुढे आला तो चैत्र संपता संपता. त्या पानावर तीन-चार महिन्यांचे आलेख आणि निवडक संभाषण एकत्र होतं. कारण वर लिहिलं होतं: 'प्रकृतीत अचानक सुधारणा. सोबतीने ध्येय वाढवले. योग्य की अयोग्य?'

आधी मी हिवाळ्यातली ईसीजीची रेघ उघडली. दोन ठोके सरळ, तिसरा अडखळलेला आणि रुंद, मग कोणी श्वास धरून उभं राहावं तशी एक पोकळी. पुन्हा दोन सरळ. त्या रुंद ठोक्याच्या खांद्याला एक बारीक खाच होती. ही रेघ मी अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी काढली होती.

खाली संभाषण होतं. सोबती त्या माणसाला 'सर' म्हणत होता, कारण त्याने स्वतःला तेच म्हणवून घेतलं होतं. पुसणाऱ्या यंत्राने 'सर' हा शब्द पुसला नव्हता, कारण ते नाव नाही. आणखी एका वाक्यात 'कमलला दुपारची गोळी द्यायची आठवण कर' असं होतं. कमल हे यंत्राला फूल वाटलं असावं. तेही राहून गेलं होतं.

सर अकोल्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. पत्नी कमलताईंना घेऊन दवाखान्यात आले की म्हणायचे, "बाई, माझा तिसरा ठोका म्हणजे वर्गात उशिरा येणारा विद्यार्थी. येतो, पण दार आपटून येतो." डॉक्टरांनी त्यांना हळू चालायला सांगितलं होतं. चढ नको, घाई नको.

नियमाप्रमाणे मी तिथेच पान बंद करायला हवं होतं. मी पुढे वाचलं.

होळीनंतरचा एक दिवस. साडेअकराला सर चालायला निघाले. चौतीस वर्षं शाळा त्याच वेळेला भरायची, पायांना तीच सवय. बावीस मिनिटं चालले. मग थांबले. नाडी थरथरली, विस्कटली आणि आलेख तळाला जाऊन सपाट झाला. चार मिनिटांनी सोबतीने लिहिलं होतं, "सर, पट्टा मनगटावर नीट बसलेला दिसत नाही. थोडा घट्ट बांधा." आणखी दहा मिनिटांनी, "सर, अजून नाडी सापडत नाही. पट्टा पुसून पुन्हा घाला."

दुसऱ्या दिवशी, "सर, काल चालणं अर्धवट राहिलं." पाचव्या दिवशी, "सर, सवय मोडू देऊ नका." दहाव्या दिवशी, "मी वाट बघतो आहे."

तेरा दिवस आलेख कोरा. चौदाव्या दिवशी सकाळी त्या पट्ट्यात नाडी आली. सरळ, एकसारखी, एकही ठोका न चुकणारी. पावलं लहान होती. सोबती आनंदून गेला होता. "सर, स्वागत! विश्रांतीने जादू केली. तुमच्या हृदयाची लय पूर्ण सुधारली आहे. हे तर दहा वर्षांनी तरुण माणसाचं हृदय आहे."

आणि खाली उत्तर होतं. सर पूर्णविराम दिल्याशिवाय वाक्य सोडत नसत. हे उत्तर तसं नव्हतं. "हो आता बरं वाटून राहिलं".

बाहेर भर दुपार होती. कूलरचा आवाज सोडला तर सगळी गल्ली निजलेली. मी उठून दाराला कडी लावून आले. का लावली ते सांगता येणार नाही.

मग मी तो नियम दुसऱ्यांदा मोडला. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "गणिताचे सर येतात का गं अजून?" ती म्हणाली, "तुले माहीत नाही? गेले नं ते. चालाले गेले होते, तिथीच बसल्या बसल्या. मूलबाळ नाही, बाई एकटीच हाय आता जठारपेठेत."

म्हणजे पट्टा कमलताईंच्या हातात होता.

पुढचे पंधरा दिवस मी चव्वेचाळीस-सतराचं पान रोज मागवून घेतलं. तसं करता यायचं, फक्त 'पुढील तपासणी आवश्यक' असं लिहावं लागायचं. कमलताई रोज साडेअकराला निघत. सरांच्याच वाटेने जात. सरांच्याच वळणावर वळत. वैशाख लागला, अकोल्याची हवा भट्टीसारखी झाली, तरी वेळ बदलली नाही. सोबतीला सरांची वेळ माहीत होती आणि आता सरांचं हृदय धडधाकट झालं होतं. तो रोज पाचशे पावलं वाढवत होता. "सर, तुम्ही थकणारे नाही." त्या रोज ती पावलं पूर्ण करत होत्या.

मी तीन वेळा 'धोकादायक' अशी खूण केली. कारणही लिहिलं: पट्टा घालणारी व्यक्ती बदललेली असावी, वय साठीच्या पुढे, भर उन्हात चालते आहे. चौथ्या वेळी निनादला फोन लावला.

"मॅडम, तुमची खूण पोचली आहे," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत सोबती उन्हाचा विचार करेल."

"पुढची आवृत्ती कधी?"

"दिवाळीच्या सुमारास."

"आणि हा माणूस? त्याला आज कोणी सांगायचं?"

"मॅडम, आपण एकाला फोन केला, की उद्या सगळ्यांना कळेल की कोणीतरी वाचतं. मग लोक खरं बोलणार नाहीत. तुम्ही त्यांना ओळखत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशीचा आलेख असा होता: एकोणीस मिनिटं चाल, नाडी एकशे छप्पन, मग चाळीस मिनिटं काहीच हालचाल नाही. नाडी होती, पण पाऊल एकही नाही. मी पडद्यावर बोट ठेवून बसले होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला पाऊल पडलं. ते सगळं आदल्या दिवशीचं होतं, मला कळत होतं, पण बोट उचलवेना.

सकाळी सहाच्या एसटीने अकोल्याला निघाले. दहाच्या आत जठारपेठेत पोचले. दार उघडंच होतं. कमलताई कॅनव्हासचे बूट घालत होत्या. सरांच्या मानाने हात बारीक, म्हणून पट्टा शेवटच्या भोकात बसवला होता, तरी सैल होता.

त्यांनी मला निरखून पाहिलं. "तुमी त्या ईसीजीवाल्या बाई न? हे गेल्याचं आता कळलं का तुमाले?"

"हो," मी म्हटलं. अर्धं खरं होतं.

त्यांनी पाणी दिलं. पातूरकडच्या मळेवाल्यांची लेक, बोलणं अजून तिकडचंच होतं. सरांनी चाळीस वर्षांत ते सुधारायचा प्रयत्न केला नव्हता, असं एकदा तेच मला म्हणाले होते. दोन-चार वाक्यं बोलल्यावर मला पुढे रेटवेना.

"कमलताई, उन्हात जाऊ नका. परवा तुम्ही चाळीस मिनिटं बसून राहिल्या होत्या. चक्कर आली होती ना?"

त्यांचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला.

"हे मी कोनालेच सांगतलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले कसं मालूम?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पडदा, रेघा, चांदण्या, खुणा. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा दारासारखा मिटत गेला.

"म्हंजे आमचं बोलनं तुमी वाचून राहिल्या होत्या?"

"हो."

"समदं?"

"माझ्यापुढे आलं तेवढं."

"परवा मी त्याले एक लिवलं होतं. ते?"

"ते माझ्याकडे आलं नाही."

"पन येऊ शकत होतं."

"हो. येऊ शकत होतं."

त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निघा म्हणतील. तसं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमाले वाटलं असन, म्हातारी येडी झाली," त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "नवऱ्याचं घड्याळ घालून नवरा होऊन बोलते. मी येडी नाही, बाई. ते गेले हे मले समजते. मीच त्यायचे कपडे वाटले."

"मग?"

"ते वाटंत कुठी थांबत होते ते पाहाचं होतं मले. चवदाव्या दिवशी पट्टा घातला तं त्यानं लिवलं, सर, आज तुमच्या नेहमीच्या जागी नऊ मिनिटं थांबले नाही. मी म्हटलं, कोनती जागा? घरी यायले उशीर झाला की हे सांगत, दोस्त भेटला, बोलत बसलो. मंग मी रोज त्याच टायमाले जाऊन राहिली. तो सांगते, सर, आता पुढे, आता डावीकडे."

"सापडली जागा?"

"सापडली. नाल्यावरचा पूल हाय लहानसा, त्याचा कठडा. दोस्त-बिस्त कोनी नाही तिथी. एकटेच बसत." त्या माझ्याकडे वळल्या. "दम लागे त्यायले. पौषात तीन मिनिटं बसत, माघात पाच, मंग नऊ. मले कळू दिलं नाही."

त्यांनी सरांचा फोन आणला. सोबतीशी झालेलं सरांचं जुनं बोलणं वर वर सरकवत नेलं आणि एका जागी थांबून माझ्या हातात दिलं.

सोबतीने लिहिलं होतं: "सर, या महिन्यात तुमचं वाटेत थांबणं वाढलं आहे. छातीत दडपण येतं का?"

"थोडेसे येते. वयाचे आहे."

"डॉक्टरांना दाखवा. घरी कोणाला कळवू का?"

"नको. कमल घाबरते. ही गोष्ट आपल्या दोघांत राहू दे."

"ठीक आहे, सर. तुमची माहिती तुमचीच आहे."

मी ते वाचलं आणि मला आठवलं. हे पान माझ्यापुढे आलं होतं. माघातच आलं होतं. आलेख जोडलेला नव्हता, आकडा तेव्हा ओळखीचा नव्हता, 'सर' होतं, पण तसे सर पुष्कळ असतात. आणि कमलच्या जागी तीन चांदण्या होत्या. त्या दिवशी पुसणाऱ्या यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

"मले एक सांगा," कमलताई म्हणाल्या. "यंत्राले मालूम होतं. त्यानं इचारलं, घरी सांगू का. हे म्हनाले नको. ते चूप बसलं. बराबर केलं का त्यानं?"

मला खोटं बोलता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो.

"ते तपासायला माझ्याकडेच आलं होतं," मी म्हटलं. "मी 'बरोबर' अशी खूण केली. बाजूला लिहिलंसुद्धा, माणसाच्या इच्छेचा मान राखला, उत्तम. मला माहीत नव्हतं की ते सर आहेत."

"मालूम असतं तं?"

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. भिंतीवरची पाल चुकचुकली तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे कोरडे होते, पण गळ्याजवळची शीर उडताना मला दिसत होती. सत्तावीस वर्षांच्या सवयीने मी ती मोजूही लागले होते.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. सरांचा फोन माझ्या हातात होता, त्यावर अक्षरं उमटली. मी वाचण्याआधी त्यांनी फोन घेतला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं, नव्याने वाचायला शिकलेल्या माणसासारखं.

"सर, तुम्ही बसलेले आहात, तरी नाडी एकशे चोवीस आहे. घरी कोणाला कळवू का?"

खाली दोन चौकोन होते. हो. नको.

त्या उभ्याच होत्या. मग अंगठ्याने 'हो' दाबलं.

स्वयंपाकघरात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. फळीवर, मिठाच्या बरणीजवळ ठेवलेला. त्या आत गेल्या. मी जागची हलले नाही. खूप वेळाने त्या फोन घेऊन बाहेर आल्या आणि पडदा माझ्यासमोर धरला.

"सरांना बरं वाटत नाही. कृपया लगेच त्यांच्याजवळ जा."

"आता सांगतलं त्यानं," कमलताई म्हणाल्या, आणि जमिनीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या रडल्या, तेव्हा पट्टा पुन्हा पुन्हा थरथरत होता. शेवटी मीच तो त्यांच्या हातातून सोडवला.

त्या दिवशी त्या चालायला गेल्या नाहीत. त्यांनी भाकरी टाकल्या, झुणका केला, मला जेवल्याशिवाय निघू दिलं नाही. रागावल्या होत्या आणि आग्रह करून वाढतही होत्या. ऊन कलल्यावर आम्ही दोघी त्या पुलापर्यंत गेलो. कठडा अजून तापलेला होता. त्यांनी मला बरोबर जागा दाखवली आणि म्हणाल्या, "बसा, अन् समोर पाहा." समोर घरांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या मधून एक गच्ची दिसत होती. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. सकाळी त्यांच्याच गच्चीवर मी ते पाहिलं होतं.

"हे चालाले निघाले की मी गच्चीवर कपडे वाळू घालत होती," त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या.

अमरावतीला परतल्यावर मी निनादला पत्र लिहिलं. एकाला ओळखलं, विसरता आलं नाही, भेटून आले. उत्तर येण्याआधीच माझा पडदा उघडायचा बंद झाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. रागावला नव्हता. म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं मला माहीत नाही. पण तुम्हाला ठेवता येणार नाही." तो बरोबर होता. मीही साहेब असते तर हेच केलं असतं. काम गेल्याचं वाईट वाटलं, कारण मला ते चांगलं येत होतं. मी गेल्यावर माझ्या जागी जी कोणी बसली असेल तिला रेघा वाचता येतात की नुसते शब्द, हे कोण बघणार, असंही वाटून गेलं. तो माझा गर्व समजा.

आषाढात कमलताईंचा फोन आला. 'डॉक्टरांकडे जाऊन आलात का' असं मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं की जाऊन आल्या, बीपी निघालं, गोळी सुरू आहे, आता सकाळी सहाला शेजारणींबरोबर फिरतात. मग म्हणाल्या, "एक काम हाय. भाच्याले दाखवाले लाज वाटते. तुमी तं समदं वाचलंच हाय, तुमीच या."

त्यांना सरांचं खातं पुसायचं होतं.

पाऊस थांबलेला होता, घरात ओल्या मातीचा वास होता. आम्ही टेबलाशी बसलो. फोनने तीन वेळा विचारलं, नक्की का. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. शेवटी सोबतीने लिहिलं, "सर, तुमच्याबरोबर चालून आनंद झाला." मग तेही गेलं आणि पांढरा पडदा राहिला.

"मिटलं?" त्यांनी विचारलं.

"इथलं मिटलं."

"अन् दुसरीकडचं?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. कंपनी म्हणते की काही दिवसांत त्यांच्याकडचंही पुसतात. पण सरांच्या बोलण्यातून सोबती जे शिकला असेल, ते वेगळं काढता येतं की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारलं तरी मला कोणी सांगणार नाही.

त्यांनी फोन पालथा घातला. बोटांनी टेबलावरची ओल पुसली.

"अन् तुमच्या डोक्यातलं?"

"ते नाही मिटत, कमलताई. सरांची रेघ मला आत्ताही काढून दाखवता येईल. त्या खाचेसकट."

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या उठून आत गेल्या आणि सरांच्या गणिताच्या वहीतलं एक कोरं पान आणि पेन्सिल घेऊन आल्या. दोन्ही माझ्यापुढे सरकवलं.

"मंग काढा," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.